तेलाला थंडी वाजते

१ डिसेंबर, उदगीर

घाणा सुरू होऊन महिना झाला आणि घरातल्या कुणीही अजून "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हटलेलं नाही. तेव्हा लिहायला बसायला दिवस बरा आहे.

करडईचं तेल छान खपतंय. त्यात माझं कर्तृत्व फारसं नाही, इकडच्या माणसाला करडईचं कौतुक सांगावं लागत नाही. उद्यापासून मात्र सूर्यफूल, आणि ते सर्वस्वी माझं. बाकीचे घाणेवाले टरफल काढून बी घालतात. मी टरफलासकट घालणार. नैसर्गिक म्हणजे नैसर्गिक! नांदेडला विष्णुपुरीच्या विद्यापीठात दोन वर्षं राहून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं ते काय सासरी येऊन लोणच्याच्या बरण्या पुसायला?

माझे सासरे, शिवमूर्ती मामा, बाजारात किराणा दुकान चालवतात आणि दिवसभरात मोजून बोलतात. आज अट पुन्हा ऐकवली. "येळवशीपतूर बघू. न्हाई जमलं तर शेड मन्मथला." मन्मथ म्हणजे त्यांचा पुतण्या. त्याला सोलर पंपाच्या गोदामासाठी आमचीच शेड हवी आहे, जगात दुसरी शेडच नाही. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, तीस तारखेला. त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला जातं, आणि आमच्या शेतात तर अर्धा बाजार येतो. तेवढ्या दिवसांत सूर्यफूल चाललं पाहिजे.

सोमेशला विचारलं, तुला काय वाटतं? नवरा लातूरच्या बँकेत आहे, शनिवारी येतो. तो म्हणाला, "तुझं बी बरोबर हाय, अप्पाचं बी बरोबर हाय." (अप्पा म्हणजे मामाच.) याच्यापेक्षा घाण्याची मोटार जास्त ठाम बोलते.

३ डिसेंबर

पहिलं सूर्यफूल निघालं. रंग काय, वास काय! आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, बोट बुडवून चाखलं आणि "चांगलं हाय बाई" म्हणाल्या. आत्यांचं "चांगलं हाय" सहजी मिळत नाही.

पण विकण्याआधी परीक्षा. मोठ्या कारखान्यांत तेल बर्फात ठेवून बघतात, गढूळ होतं का म्हणून. माझं म्हणणं, माझ्या गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात बर्फ नाही, थंडी आहे. तेव्हा दोन बाटल्या रात्रभर गच्चीच्या कठड्यावर. सकाळी तेल नितळ दिसलं तर पास, गढूळ दिसलं तर नापास आणि सूर्यफूल बंद. जेवताना मी हे सगळ्यांना ऐकवलं.

मामा म्हणाले, "गच्चीवर लई थंडी हाय."

"म्हणूनच तर, मामा. परीक्षा आहे ना."

"नापास झालं तर?"

"तर झालं."

मामा हात धुवायला उठले. नापास झालं तर बरंच, असं त्यांच्या मनात असणार. तोंडावर तसं दिसत नव्हतं, पण मामांच्या तोंडावर कधीच काही दिसत नाही.

४ डिसेंबर

पास!!! आरशासारखं नितळ.

७ डिसेंबर

चार रात्री, चारही वेळा पास. नाश्त्याचं आटोपून मी वर जाते तेव्हा बाटल्या हाताला किंचित कोमटसुद्धा लागतात. कठडा पूर्वेकडे आहे, ऊन खातात. सूर्यफूलच ते, उन्हाकडे तोंड करणारच.

दुकानात माझ्या बाटल्या मागच्या फळीवरून पुढच्या फळीवर आल्या आहेत. मामांना विचारलं तर म्हणाले, मागं उंदीर आहेत.

घरात मात्र कुरबुर. मामांच्या घोंगडीला तेलाचे डाग पडलेत आणि आत्या सकाळपासून तोंडाचा पट्टा सोडून बसल्यात. मामा म्हणतात, आसंल कुटून तरी. वर दोन दिवसांपासून खोकतायत. अंगाला तेल चोपडायचं आणि धड पांघरून झोपायचं नाही, मग खोकला येईल नाही तर काय. या वयात माणूस किती हट्टी होतो.

११ डिसेंबर

रत्नम्मा आली होती. मागच्या गल्लीत राहते. तिने नाक मुरडलं की गल्लीतल्या सगळ्या बायका नाक मुरडतात. मामांनासुद्धा अरे-तुरे करते. बाटली माझ्यापुढे आपटून म्हणाली, "अय्यो, ह्यात मेणबत्ती वितळवलीस का गं?"

तेल गढूळ होतं. तळाला पांढुरका धुरळा बसलेला. मी शांतपणे समजावलं की तुमच्या घरी बाटलीत पाणी गेलं असेल, किंवा तुपाचा हात लागला असेल. माझं तेल रोज गच्चीवर पास होतंय.

"मग गच्चीवरच राहा," असं म्हणून गेली.

१३ डिसेंबर

गढूळ बाटल्या परत येतायत. एक नाही, दोन नाही. मामा दुकानात निमूट परत घेतात आणि गादीमागे रांगेत लावून ठेवतात. फेकत नाहीत, मला देत नाहीत. येळवशीला पुरावा म्हणून मांडायच्या असतील! गावात बोललं जातंय की शिवमूर्तीच्या सुनेनं डालडा मिसळला.

लुंबिनीला फोन केला. ही माझी एम.एस्सी.ची जोडीदारीण, मूळची किनवटची, आता नांदेडला कॉलेजात शिकवते. सगळं ऐकून तिने एकच प्रश्न विचारला. "रात्री त्या बाटल्यांना कुणी हात लावत नाही ना?"

मला रागच आला. आमच्या घरात सगळे नऊला झोपतात. मामा तेवढे पहाटे उठून बंब पेटवतात, न्हाऊन गच्चीवर लिंगपूजेला बसतात. पूजेला बसलेला माणूस बाटल्यांशी खेळेल का?

"बरं वर्षाराणी बाई," ती म्हणाली. "एक गढूळ बाटली घेऊन ये."

१५ डिसेंबर

नांदेडहून आत्ताच आले. अंग एसटीनं खिळखिळं झालंय, आणि डोक्याचं तर विचारूच नका.

लुंबिनीने तेल थंड करून गाळलं. कागदावर राहिलेला साका गार ॲसिटोनने धुतला, तसं चिकटलेलं तेल निघून गेलं आणि पांढरी भुकटी उरली. तिचा वितळणबिंदू काढला तर शहात्तर! डालडा तर अंघोळीच्या पाण्यातच वितळतो. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि एकदमच हसत सुटलो. मेण! नैसर्गिक मेणाचं एस्टर, दुसरं काही नाही.

हसायचं कारण असं की एम.एस्सी.ला आमचा दोघींचा प्रकल्पच मेणाचा होता. किनवटच्या जंगलातलं पोळ्याचं मेण आणायचं, अल्कोहोलमध्ये कॉस्टिक पोटॅश घालून तासन्‌तास उकळायचं आणि ते फोडून बघायचं. एका बाजूला सोळा कार्बनचं आम्ल, दुसऱ्या बाजूला तीस कार्बनचं अल्कोहोल. दोन लांबलचक साखळ्या टोकाला टोक जोडलेल्या, एवढंच एस्टर. जिने दोन वर्षं मेण फोडलं तिला घरच्या घाण्यातलं मेण ओळखता येऊ नये! सूर्यफुलाचं मेण टरफलावर असतं. बी भिजू नये, सुकू नये म्हणून झाडानेच चढवलेलं. आणि मी मोठ्या तोऱ्यात टरफलासकट घाण्यात घातलं. कारखानेवाले हेच मेण थंडीत गोठवून काढून टाकतात. खाल्लं तर काही होत नाही, जसं येतं तसं जातं.

सगळं उलगडलं, एक सोडून. माझ्या गच्चीवरचं तेल गढूळ का होत नाही? लुंबिनी परत म्हणाली, "कुणीतरी हात लावतंय." मी म्हटलं, आमच्या गच्चीवर वारा वेगळा असेल.

१७ डिसेंबर

खरं बोलून जिंकायचं ठरवलं होतं. नवी लेबलं छापली: "यात टरफलाचे नैसर्गिक मेण (वॅक्स एस्टर) आहे. अपायकारक नाही." मामांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"खरं हाय ह्ये?"

"हो."

"मग राहू दे."

बुडायचं ते लवकर बुडू दे, असंच ना!

मग रत्नम्माच्या घरी गेले. तिच्या न्हाणीघरात बादलीभर कढत पाणी घेतलं, एका वाटीत डालडा, एका वाटीत नांदेडहून आणलेली भुकटी, दोन्ही वाट्या पाण्यावर तरंगत सोडल्या. डालडा वितळला. भुकटी होती तशी. गल्लीतल्या बायका दाराशी वाकून बघत होत्या.

"बघा," मी म्हटलं, "डालडा नाही. सिद्ध झालं. हे मेण आहे."

"म्हंजी खरंच मेण घातलंय!" रत्नम्मा म्हणाली. "मी तर उगं म्हनत हुते. त्या सफरचंदाला लावतेत तसलं का गं?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. कालपर्यंत अफवा होती, आज मी स्वतः तिला पुरावा दिला. संध्याकाळी आत्यांना समजवायला बसले की एस्टरमध्ये एक आम्ल असतं आणि एक अल्कोहोल, तर त्यांनी कपाळालाच हात लावला. "हळू बोल. मेण कळलं तेवढं बास झालं गावाला."

१९ डिसेंबर

आजचं सगळं लिहिणार.

आज घाण्याची मोटार बघायला माणूस लवकर येणार होता म्हणून पहाटेच उठले. न्हाणीघराकडे गेले तर मामा बंबापुढे उकिडवे बसलेले. मांडीवर घोंगडी, घोंगडीत गुंडाळलेल्या माझ्या दोन बाटल्या. एकेक काढून बंबाला शेकत होते आणि वर धरून डोळा बारीक करून बघत होते.

सगळं एका क्षणात कळलं. रोज रात्री मी झोपले की बाटल्या खाली आणायच्या, पहाटे शेकून नितळ करायच्या आणि पूजेला जाताना परत कठड्यावर ठेवायच्या. म्हणजे माझी एकही परीक्षा खरी नव्हती! एकही नाही. पहिल्याच दिवशी नापास झाले असते तर एकही बाटली बाहेर गेली नसती.

मी ओरडले. आत्या धावत आल्या. मी नको ते बोलले: "तुम्हाला माझं बुडवायचंच होतं ना? मन्मथला शेड द्यायची होती तर सरळ सांगायचं!"

मामा बाटल्या खाली ठेवत म्हणाले, "थंडी हुती, पोरी. परीक्षा हाय म्हनलीस ना तू."

काय हे कारण! परीक्षा होती म्हणूनच तर थंडीत ठेवल्या होत्या. मी पाय आपटत निघून आले. आता मामांशी बोलणं बंद.

२० डिसेंबर

रात्री बाटल्या गच्चीवर ठेवून जिन्याच्या दाराला कुलूप लावलं. सकाळी गढूळ. दणदणीत नापास. इतकी बिघडलेली बाटली बघून इतका आनंद याआधी कुणाला झाला नसेल.

आता उपाय सरळ आहे. टरफल काढून बी घालायचं. तेल पिंपात थंडीत दोनतीन रात्री मुद्दाम गोठू द्यायचं, मेण तळाला बसलं की वरचं नितळ काढून घ्यायचं. जुन्या डब्यांच्या तळाला बसलेला मेणाचा साका आत्या घेऊन गेल्या, टाचांच्या भेगांना लावतायत. म्हणतात, "तेल बी गेलं, तूप बी गेलं म्हनतेत, आपल्या हाती निदान मलम तर आलं."

२४ डिसेंबर

पाच दिवस मामांशी एक शब्द नाही. खोकला गेलाय त्यांचा.

आज दुपारी ते स्वतःच शेडमध्ये आले. पेंडीच्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, "गिऱ्हाईक इचारतेत आन् मला सांगता येत न्हाई. ते मेण काय हाय, नीट समजून सांग. सुरवातीपासून."

मी फुगलेलीच होते, पण कुणी रसायनशास्त्र विचारलं तर मला राहवत नाही. सांगितलं: तेलाच्या कणात तीन शेपट्या एका गाठीला बांधलेल्या, आणि बहुतेक शेपट्या वाकड्या. वाकडी लाकडं नीट रचता येतात का? म्हणून तेल पातळ राहतं. मेणाच्या साखळ्या सरळ आणि लांब. थंडी पडली की कडब्याच्या पेंढ्यांसारख्या एकीवर एक रचल्या जातात. तीच ती पांढरी गंजी. ऊब दिली की मोडते, विरघळते.

मामांनी तीन वेळा परत विचारलं. वाकडी का? सरळ का? टरफलावरच का? जाताना म्हणाले, "कडब्याचं बरं सांगितलंस."

मला वाटतं, येळवशीला सगळ्यांपुढे माझ्या चुका नीट मुद्देसूद मांडता याव्यात म्हणून तयारी चालू आहे. व्यापारी माणूस.

२८ डिसेंबर

नवं तेल तीनही रात्री नितळ, कुलपात. पण घेणार कोण? दुकानात मन्मथ टेप घेऊन येऊन गेला म्हणे. शेडची लांबी विचारत होता. सोमेश म्हणाला, त्याचं बी बरोबर हाय. मी त्याच्यावर रिकामा डबा फेकला. लागला नाही.

घाणा बंद झाला तर मी काय करीन, हे आज पहिल्यांदा नीट मनात आणून बघितलं. काहीच सुचलं नाही. फार वाईट वाटलं.

३० डिसेंबर, येळवस

सकाळी सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, तिच्यात पांडव म्हणून मांडलेले चुना लावलेले पाच दगड, आंबिलीचे माठ. भज्जी, म्हणजे सगळ्या भाज्या-दाण्यांची एकत्र शिजवलेली मिसळ, घरूनच करून आणली होती, पण वरची फोडणी शेतात द्यायची असं मामांनी आत्यांना बजावलं होतं. का ते मला कुणी सांगितलं नाही.

पूजा झाली, मंडळी पंगतीला बसली. अर्धा बाजार, गल्लीतल्या बायका, मध्ये रत्नम्मा. मामा ट्रॅक्टरकडे गेले आणि एक क्रेट उचलून आणलं. त्यात परत आलेल्या सगळ्या बाटल्या, एकजात गढूळ. त्यांनी त्या पंगतीपुढे ओळीने मांडल्या. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

मामा उभे राहिले. लग्नाकार्यातसुद्धा न बोलणारा माणूस!

"ऐका जरा. ह्ये तेल गढूळ हाय. ह्यात मेण हाय, ते बी खरं हाय. सुनेनं लेबलावर लिवलं, लपवलं न्हाई. ही बाटली बाजारात आली ती माज्यामुळं. ती थंडीत परीक्षा घेत हुती. पोरगी नापास हुईल म्हनून मी राती बाटल्या उचलल्या, घोंगडीत घातल्या, बंबाला शेकल्या." ओळीतली एक बाटली सरळ केली. "कॉपी पुरवली."

मग मन्मथ ओरडला, "काका! म्याट्रिकला मला एक चिठ्ठी दिली न्हाई तुमी, आन् तेलाला कॉपी?"

"तू कुटं अभ्यास केलता? तिनं केलता."

अख्खी पंगत हसली. मी हसले नाही. मला तेव्हा कुठे कळलं. त्या माणसाने खोकला अंगावर घेऊन रोज पहाटे माझ्या तेलाला ऊब दिली होती आणि मी त्याला काय काय बोलले होते! रडू आलं. शेजारणीला सांगितलं, मिरची लागली.

मामांनी सगळ्यांदेखत गढूळ बाटली फोडणीच्या कढईत ओतली. तेल तापलं तसं नितळ झालं, मोहरी तडतडली, आत्यांनी फोडणी भज्जीवर ओतली.

"ते समदं बरं," रत्नम्मा म्हणाली, "पन मेण पोटात जाऊन काय करतंय?"

मामांनी बांधापलीकडचं ज्वारीचं एक हिरवं ताट मोडून आणलं. "हितं अंगठा घास." रत्नम्माने घासला. अंगठ्याला पांढरी भुकटी लागली. "ह्ये बी मेण. ताट वाळू न्हाई म्हनून. सूर्यफुलाच्या बियावर बी आसंच ऱ्हातंय. सरळ साखळ्या, ह्या कोपीच्या कडब्यावानी रचलेल्या. म्हशी जल्मभर खातेत. काय झालं का त्यास्नी?"

"मला म्हैस म्हनतोस व्हय रे शिवमूर्ती?"

मी तोंड उघडलंच होतं. ज्वारीच्या मेणात एस्टर कमी आणि मोकळी आम्लंच जास्त असतात, उदाहरण तंतोतंत नाही. मग तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा रसायनशास्त्रातली चूक मी जाऊ दिली.

रत्नम्माने भज्जी दोनदा घेतली. उठताना म्हणाली, "एक बाटली दे गं मला. गढूळच दे. निदान काय हाय ते दिसतंय तरी."

मन्मथने हात धुता धुता विचारलं, "काका, मग शेडचं काय?"

"आधी खीर खा," मामा म्हणाले. एवढंच.

३१ डिसेंबर

रात्रभर त्या "आधी खीर खा"चा अर्थ लावत होते. सकाळी शेडवर गेले तर शिडी लागलेली. वर एक पेंटर, खाली शिडी धरून मन्मथ.

"वैनी, मला काकानं बसस्टँडकडं जागा बघून दिली," तो म्हणाला. "वरनं ही शिडी धरायचं काम बी दिलं."

दारावरच्या पत्र्याला पांढरा रंग दिला होता. पेंटर म्हणाला, "मॅडम, नाव बराबर हाय का सांगा. मालक म्हनले, 'वर्षाराणी तेल घाणा' लिव, आन् म्होरं एम.एस्सी. एम.एस्सी. रस्त्यावरनं वाचता आलं पायजे. नाव बारकं झालं तरी चालंल."

मी तशीच बाजारात दुकानावर गेले. मामा गिऱ्हाइकाला डाळ मोजून देत होते. काय बोलावं कळेना, म्हणून विचारलं, "मामा, पाटीवर खाली 'शिवमूर्ती यांची सून' असंही घालू का?"

त्यांनी डाळीची पुडी बांधली, दोरा तोडला.

"घाल की. जागा आसली तर."

मग गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, "तेल कोनतं देऊ? सूर्यफुलाचं घ्या."